कपाटावरचं पॅराशूट

बेस जंपिंगमध्ये आपलं पॅराशूट आपणच बांधायचं असतं. दुसऱ्याने बांधलेलं कोणी पाठीवर घेत नाही, सख्ख्या भावाने बांधलेलं असलं तरी नाही. विमानातून उड्या मारणाऱ्यांच्या पाठीत एक जादा पॅराशूट असतं. पहिल्याने दगा दिला तर दुसरं. आमच्याकडे एकच. कडा, पूल, मनोरा, इमारत, जिथे पाय टेकलेले आहेत तिथूनच उडी मारायची, दोन-तीन श्वास नुसतं पडायचं आणि मुठीत धरलेलं रुमालाएवढं छोटं पॅराशूट वाऱ्यावर सोडायचं. ते मोठ्याला ओढून बाहेर काढतं. एवढ्या कमी उंचीत दुसरं उघडायला वेळच नसतो, मग ते वागवायचं कशाला? म्हणून घडी घालताना आमच्यात कोणी बोलत नाही. मध्येच फोन वाजला आणि उचलला, तर घडी मोडून पहिल्यापासून घालायची.

हे आधीच सांगून टाकतो, कारण मी जे करणार होतो ते या नियमाच्या उलट होतं. माझा दोस्त गेला, त्यानंतर मी एकाच गोष्टीच्या आधाराने दिवस ढकलले. त्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं एक पॅराशूट त्याच्या आईच्या घरी कपाटावर तसंच बंद होतं. ते पाठीला लावून मी आमच्या घाटातल्या कड्यावरून उडी मारणार होतो. त्याच्या हातांनी केलेलं शेवटचं काम जगात तेवढंच उरलं होतं, आणि ते हवेत उघडताना मला बघायचं होतं. बाकी मला काही नको होतं.

आमचे बाबा पाडेली. म्हणजे लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडायचे. पायात काथ्याचा फास, कमरेला कोयता, आणि वर गेले की आवाज द्यायचे, 'सरा रेऽऽ!' मी खाली उभा राहून पडलेले नारळ गोळा करायचो. शाळेत मला माझ्या नावाने फार कमी लोक ओळखायचे. 'पाडेल्याचो झील', पाडेल्याचा मुलगा, म्हटलं की झालं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. बी.कॉम. झालो. ते प्रमाणपत्र बाबांनी काचेत बसवून पडवीत लावलं, आणि आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी ते दाखवायचे. मला त्याचा अभिमान होता आणि आहे. लाजायचं काय कारण? फुकट मिळालेलं नाही.

माझं ठरलेलं होतं, झाडावर कधी चढायचं नाही. खुर्चीत बसायचं. कॉलेज संपल्यावर बोटीवर लागलो. आमच्या किनाऱ्यावर 'बोटीर आसा' म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. प्रवासी जहाजाच्या हॉटेल विभागात हिशेबाचं काम होतं. खुर्ची मिळाली, पण समुद्राच्या पातळीखाली, बिनखिडकीच्या खोलीत.

माझा दोस्त मला भेटला तो तिथल्या जेवणघरात. मागच्या टेबलावरून मालवणी ऐकू आली, 'आवशीचो घो, हेका सार म्हणतंत? हेच्यापेक्षा आमच्या तळ्याचा पाणी बरा!' मी वळून विचारलं, 'खंयच्या तळ्याचा?' तो म्हणाला, 'धामापूरच्या. तू खंयचो?' मी कट्टा गावाजवळचा. झालं. हजारो मैल लांब, आणि दोन घरांच्या मध्ये एसटीचा एक टप्पा.

तो बोटीवर खलाशी होता. त्याआधी आपल्याच किनाऱ्यावर पॅरासेलिंगच्या होडीवर काम करायचा. पर्यटकाला पॅराशूट बांधायचं, दोरीने होडीला जोडायचं, वर न्यायचं, पाय पाण्यात बुडवायचे, परत वर, फोटो काढून खाली. हे त्याने बरीच वर्षं केलं होतं आणि त्याला त्याचा वीट आला होता. 'दोरी बांदून उडयतंत, ता काय उडणा?' असं म्हणायचा. 'कुत्र्याक साखळी बांदून फिरवक नेतंत, तसा ता.'

एका बंदरात सुट्टीच्या दिवशी तो मला ओढत विमानतळावर घेऊन गेला. पहिली उडी शिक्षकाला बांधून मारायची असते. मी दारात बसलो आणि खाली पाहिलं. एवढ्या वरून कोण कोणाचा मुलगा ते दिसत नाही. खोटं वाटेल, पण मला नाद लागला तो या एका गोष्टीचा. भीती सगळ्यांना वाटते, मलाही वाटली, पण तिथे मला 'पाडेल्याचो झील' म्हणणारं कोणी नव्हतं. तो मात्र कशासाठी उडायचा असं विचारलं की म्हणायचा, 'आवाज येता मरे! कान भरतंत. मगे पॅराशूट उघडला की एकदम काय नाय. ता काय नाय ऐकूक जातंय मी.'

प्रत्येक करार संपला की आम्ही सुट्टीतले काही दिवस तिकडेच काढायचो. विमानातून शे-दोनशे उड्या झाल्याशिवाय बेसचा शिक्षक तोंडाकडे बघत नाही. आमचा शिक्षक म्हातारा होता, एका पायाने लंगडायचा. त्याने आम्हाला एका उंच पुलावर नेलं, सगळं सामान चढवायला लावलं, कठड्यापलीकडे उभं केलं, आणि म्हणाला, 'आता मागे फिरा, सामान उतरवा आणि घरी जा.' तोच पहिला धडा. ज्याला परत फिरता येत नाही त्याला तो शिकवायचा नाही. दुसऱ्या दिवशी उडी मारू दिली.

बेसवाले सगळे मिळून मूठभर. एका देशातला दुसऱ्या देशातल्याला ओळखतो, घरी झोपायला जागा देतो, हवा कशी आहे ते सांगतो, आणि शिक्षण, जात, बापाचा धंदा काही विचारत नाही. मला हे फार आवडायचं. फक्त एक गोष्ट पुढे कळली. ही माणसं निरोप फार नीट घेतात. चहा पिऊन उठतानासुद्धा मिठी मारतात.

गावाला आलो की आम्ही सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, जायचो. वारा भरून पॅराशूट जमिनीवरच डोक्यावर उभं करायचं, डावीकडे न्यायचं, उजवीकडे न्यायचं, हा सराव लागतो. भाताची कापणी झालेली असायची, सड्यावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि त्यात आमचं ते निळं-नारिंगी धूड. गुरं शेपट्या वर करून पळायची. गुरांमागे येणारी एक म्हातारी एकदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

'काय रे, मांडव कशाक घालतास? लगीन कोणाचा?'

तो म्हणाला, 'ह्येचा गो आजी. चेडू गावाक नाय अजून. मांडव तेवढो घालून ठेवलो.'

'शिकलेलो मां तो?'

'शिकलेलो म्हणानच गावाक नाय!'

मुलगी मिळत नाही हे ऐकून म्हातारी हसत गेली, आणि कट्ट्याच्या बाजारात आठ दिवस माझ्या लग्नाची चौकशी होत राहिली.

आमच्या मनात एकच होतं. जगभर लोकांच्या कड्यांवरून उड्या मारल्या, एक उडी आपल्या घाटातून मारायची. आपली भाषा बोलत काठावर उभं राहायचं. जागा हेरून ठेवली होती. खाली रान, रानापलीकडे उतरायला मोकळा मळा.

त्याच्या शेवटच्या सुट्टीत आम्ही ते करायला निघालो. त्याचं जुनं पॅराशूट त्याने आदल्या दिवशी सड्यावरच बांधलं. मी शेजारी माझं बांधत होतो, पण लक्ष त्याच्याकडे जायचं. त्याची घडी बघण्यासारखी असे. कापड पसरून कोपरापासून मनगटापर्यंतचा हात त्यावरून हळू फिरवायचा, हवा काढत, जणू खाली कोणी झोपलेलं आहे. दोऱ्या एकेक करून बोटांतून सोडायचा. सगळं बॅगेत बसलं की गुडघा टेकवून बंद करायचा आणि वर दोन थापट्या मारायचा, म्हशीच्या पाठीवर मारतात तशा. धप, धप. मग म्हणायचा, 'जा गो आता.'

पहाटे निघून उजाडताना आम्ही काठावर पोचलो. दरीत धुकं भरलेलं. ते वर आलं तसा वाराही वर आला. त्याने गवताची मूठ उपटून काठावरून सोडली. ती खाली गेलीच नाही, उलटून आमच्याच तोंडावर आली. वारा असा असला की पॅराशूट उघडल्यावर माणसाला फिरवून कड्यावरच आपटतो. आम्ही बसून राहिलो. त्याच्या आईने केळीच्या पानात बांधून दिलेली घावणं खाल्ली. ऊन चढलं तरी वारा बदलला नाही.

'चल,' तो म्हणाला. 'घाट खंय पळान जाता?'

मी म्हटलं, 'अजून थोडो वेळ बघूया.'

'मास्तरान काय शिकवल्यान? चल उठ. आये परत घावणे करीत.'

उठताना त्याच्या बॅगेच्या पट्ट्यांना गवताची कुसळं चिकटली होती. झटकली तरी निघेनात.

त्याची रजा संपली होती. मी त्याला सोडायला स्टेशनवर गेलो. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा. बाकावर बसून तो म्हणाला, 'ती बॅग आयेन कपाटार ठेवल्यान हा. उघडू नको. पुढच्या सुट्टीत तशीच उचलून जावया.'

'इतके म्हयने बंद ऱ्हवतली?'

'ऱ्हवांदे. माझी घडी आसा ती, तुझ्यासारखी नाय.' आणि माझ्या पाठीवर दोन थापट्या मारल्या.

पावसाळा नुकताच लागला होता तेव्हा तो गेला. परदेशात, एका कड्यावर, नव्या पॅराशूटने. उडी बरोबर होती, पॅराशूट उघडलंही होतं, पण उघडताना फिरलं आणि त्याला खडकाकडे घेऊन गेलं.

आमच्या मंडळींचा फोनवर एक ग्रुप होता. कोणी गेलं की तिथे आधी सगळे गप्प होतात. मग कोणीतरी विचारतं, हवा कशी होती? मग दुसरा विचारतो, घडी कोणत्या पद्धतीची होती? उडी मारताना खांदे सरळ होते का? फोटो येतात, बाणांच्या खुणा येतात. दगडासारखी माणसं आहेत असं नाही. त्यांना तेवढंच येतं. काय चुकलं ते कळलं, म्हणजे आपल्या हातून ते होणार नाही, असं स्वतःला सांगायचं असतं. मीसुद्धा आधीच्यांच्या वेळी हेच केलं होतं. त्याच्या वेळी मी वाचत राहिलो. त्याच्या खांद्यांवर लोक बोलत होते. त्या खांद्यांवरून मी सड्यावर किती वेळा पट्टे सरळ केले होते. मी ग्रुपमधून बाहेर पडलो. नंतर कोणाचा फोन घेतला नाही.

इकडे गावातले प्रश्न वेगळे. 'शिकलेले मां तुमी? मगे अक्कल खंय गेली?' एकाने सुतकाच्या घरातच मला ऐकवलं, 'पोटासाठी मेलो असतो तर गोष्ट वेगळी.' मला उत्तर होतं, मी कोणाचं ऐकून घेणारा नाही. पण त्या दिवशी पडवीतून उठलो आणि घराकडे चालू लागलो. घरी आलो तर बाबांनीही तेच विचारलं, फक्त हळू. गुडघे गेल्यापासून ते माडावर चढत नाहीत. म्हणाले, 'मी चडलंय ता पोटासाठी. तू कशासाठी रे?'

'बाबा, माका सांगूक येणा नाय.'

'मगे शिकलंस ता काय?'

ते रागाने म्हणाले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाराव्या दिवशी त्याच्या आईने मला आत बोलावलं. मी तिला काकी म्हणतो. नवरा फार आधी गेलेला. अबोलीचे आणि जाईचे वळेसर, म्हणजे गजरे, गुंफून ती बाजारात बसायची, आणि त्यावर तिने हा एकुलता मुलगा वाढवला. म्हणाली, 'तेची काय आठवण व्हयी ती घे.'

मी कपाटाकडे बोट दाखवलं.

ती वर बघत राहिली. मग म्हणाली, 'ती आता नको. वर्ष होवंदे. वर्षसराद झाली की म्हाळात तेचा नाव घालूचा, मगे ने. तवसर तेची वस्तू उंबऱ्याभायर जावची नाय.'

'ऱ्हवांदे मग. पण उघडू नको हां काकी. दोरी पण सोडू नको.'

'कित्याक रे?'

'असाच.'

पुढचं वर्ष कसं गेलं ते लिहिण्यासारखं नाही. बोट सोडली. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात व्यवस्थापक झालो. समोर रोज पॅरासेलिंगची होडी सुटते, रोज लोक दोरीला बांधून वर जातात, किंचाळतात, खाली येतात. मी पाठ करून बसायचो. माझं स्वतःचं पॅराशूट एका ओळखीच्याला देऊन टाकलं. घरात आई मुलींचे फोटो दाखवायची. मी बघायचो आणि नंतर एकही चेहरा आठवायचा नाही. जेवायचो, कामावर जायचो, पगार आणायचो. कोणी म्हणालं नसतं की ह्याला काही झालंय.

मधून मधून एकटा घाटात जायचो. काठावर बसून गवत सोडायचो आणि वारा बघायचो. दसऱ्यानंतर पहाटे वारा पडतो, तेव्हा जमणार होतं. आमची दोघांची अंगलट सारखी, पट्टे बदलायची गरज नव्हती. इतके महिने दमट हवेत बंद राहिलेली घडी कोणी शहाणा माणूस पाठीला लावत नाही, हे मला माहीत होतं. मरायचं होतं असं नाही. पण जगण्याचीही काही ओढ उरली होती असं सांगितलं तर ते खोटं होईल. उघडलं तर त्याने उघडलं, नाही उघडलं तर त्याने नाही उघडलं. निर्णय त्याच्या हातात देऊन मी मोकळा होणार होतो. वर्षसराद भर पावसात झाली. मी गेलो, जेवलो, कपाटाकडे बघून आलो. बॅग होती.

पितृपक्षातल्या म्हाळाच्या दिवशी सकाळीच मोठी पिशवी घेऊन निघालो. पाऊस ओसरला होता, उन्हं पडत होती. बायका पानं मांडत होत्या. मी आत शिरल्या शिरल्या वर पाहिलं. कपाटावर बॅग नव्हती.

जेवण कसं गिळलं ते मला ठाऊक. पाहुणे गेल्यावर काकी आतल्या खोलीतून एक गाठोडं घेऊन आली. जुन्या नऊवारीत बांधलेलं. खाली ठेवून तिने गाठ सोडली.

वर रिकामी बॅग, चपटी केलेली, स्वच्छ. तिच्याखाली निळं-नारिंगी कापड, चौकोनी घडीचं, पैठणीसारखं. मध्ये डांबराच्या गोळ्या. सगळ्याला धुण्याच्या साबणाचा वास.

'बुरो धरलेलो रे,' ती म्हणाली. 'म्हाळाआदी तेचा सगळा सामान उन्हात काढूचा म्हणान बॅग खाली घेतलंय, तर हात काळो झालो. पट्ट्यांक पांढरो बुरो. वास तर इतको! म्हटला, झिलाची वस्तू आणि कुजान जाता? अशी तुझ्या हातात कशी देऊ? तू उघडू नको म्हणालेलंस, ता ध्यानात होता माझ्या. पण बुरो बघून माझ्यान ऱ्हवना नाय.'

मी कापडावर हात ठेवला. मऊ झालं होतं. नवं असताना ते कुरकुरतं. बुरशीचा डाग कुठे उरला नव्हता.

'दगडार नाय आपटूक हां. हातानच धुतलंय. आणि कुसळा कितकी गो बाय! घडीच्या आतसर गेलेली. दोन सांजो वेचत बसलंय. एक ठेवक नाय.'

सड्यावरची कुसळं. त्या दिवसाची.

'आणि दोरयो?' मी विचारलं.

तिने कापडाची कड उचलून दाखवलं. पॅराशूटच्या सगळ्या दोऱ्या तिने गुंफल्या होत्या. एकात एक, घट्ट, सरळ, वळेसर गुंफतात तशा, आणि टोकाला गाठ.

'धुताना गुतले. सोडवून सोडवून गुंफलंय. आता गुतूचे नाय.' मग माझ्या तोंडाकडे बघून, 'बरा झाला मां?'

साबणाने कापडाचा गुण जातो, उन्हाने धागा मरतो, हे सगळं मला डोक्यात येत होतं आणि त्यातलं काहीच महत्त्वाचं नव्हतं. धुतलेलं कापडही मी एक वेळ पाठीला लावलं असतं. पण त्याची घडी गेली होती. दगडी भिंतीच्या त्या घरात, कपाटाच्या वर, इतके महिने त्याचे हात जसेच्या तसे होते, आणि ते तिने बादलीत बुडवले. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी गळा धरला असता. केलं होतं तिने.

'बरा झाला,' मी म्हटलं.

'उघडू नको म्हणालेलंस, ता कित्याक?'

मी तोंडावर बोलणारा माणूस. लोक त्यासाठीच मला टाळतात. पण त्या वेळी म्हणालो, 'पाणी लागला तर फाटता म्हणान.'

'फाटला काय खंय?'

'नाय गो. बरो साबण होतो.'

ती जराशी हसली. मग म्हणाली, 'आता परत बांद बघया. माका कधी बघूक गावला नाय. तो सड्यार जाय, आणि मी बाजारात.'

नाही कसं म्हणायचं? आम्ही दोघांनी कापड घरापुढच्या खळ्यात नेलं. सारवलेल्या जमिनीवर ती सगळी नीट पसरू लागली, साडीच्या घडीला दोघी धरतात तसं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. दोऱ्यांच्या वेण्या सोडायला फार वेळ लागला. तिची बोटं माझ्यापेक्षा भराभर चालत होती. मी कापड लावू लागलो. वर्षात हात विसरले असतील असं वाटलं होतं, पण हात काही विसरत नाहीत. हवा काढायला मी कोपरापासूनचा हात कापडावर फिरवला, तेव्हा लक्षात आलं की ही माझी सवय नव्हे. मी तळव्याने दाबतो.

काकी खांबाला टेकून बघत होती.

बॅग बंद केली, गुडघा टेकवला, आणि न ठरवता माझ्या हाताने दोन थापट्या मारल्या. धप, धप.

'ह्या माका ठावक आसा,' ती एकदम म्हणाली. 'पाऊस आसलो की तो ह्या पडवेत बांदी. मी रांदपात आसतंय, माका थंय आयकाक येय. धप, धप. म्हटला, म्हशीन लाथ मारल्यान की काय.'

मी मान हलवली.

मग तिचा चेहरा बदलत गेला. ती बॅगेकडे बघत होती. 'म्हणजे,' ती म्हणाली, 'कपाटार जी होती ती...'

मी खाली बघून पट्ट्यांचे बंद लावत राहिलो. लावून झालेले होते, तरी परत सोडले आणि परत लावले.

'तेनाच बांदलेली,' ती म्हणाली. विचारलं नाही.

खळ्यात ऊन होतं. शेजारच्या घरात कोणीतरी मुलाला हाका मारून जेवायला बोलावत होतं. काकीने आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले, पालथे, उताणे, जसे काही त्यांना अजून साबण लागलेला आहे. रडली नाही. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

मग हात खाली घेऊन म्हणाली, 'तुझी पिशवी खंय? घेऊन जा.'

'हंयच ऱ्हवांदे,' मी म्हटलं.

'कित्याक? तुका व्हयी होती मां?'

व्हयी होती ती ही नव्हती. ही मी बांधलेली. हिच्या आत त्याचं काही नाही, एक कुसळसुद्धा नाही. असली मी कधीही, कुठेही बांधू शकतो, आणि ती पाठीला लावून कड्यावर उभं राहायला मला आता काही कारण उरलं नव्हतं. घाट तिथेच राहील. दसऱ्यानंतर पहाटे वारा पडेल. मी काही तिथे जाणार नाही, हे मला त्या खळ्यातच कळलं, आणि कळून सुटल्यासारखं मुळीच वाटलं नाही. दार लावून कोणी आत गेल्यावर वाटतं, तसं वाटलं.

'हंय बरी आसा,' एवढंच म्हणालो.

तिने बॅग स्वतः उचलली. मी पुढे झालो तर हाताने मला बाजूला केलं. आत स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी बाहेर चपला घालत होतो. ती दारात आली, पदराने हात पुसत, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'बुरो तर धरतलोच. पुढच्या म्हाळाक परत काढून धुतंय. तू ये बांदूक.'

'येतंय,' मी म्हटलं, आणि रिकामी पिशवी घडी करून बगलेत धरून एसटीच्या थांब्याकडे चालू लागलो.